पुढचं आठवत नाही म्हणाले

मामाजींचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मे महिन्यात नागपुरात या वेळेला कोणी कोणाला फोन करत नाही. पडदे ओढून, कूलर लावून सगळं शहर आडवं झालेलं असतं. त्यामुळे मोबाइलवर नाव पाहिलं आणि पोटात धस्स झालं.

“पोरी, ते कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राह्यलं. सकाळी बुल्डीत नेलं होतं. तो पोरगा म्हणते फॉर्मेट मारून विंडोज टाका लागते. टाकू देऊ का?”

“टाकलं का त्यानं?”

“नाही. म्हटलं आधी तुले इचारतो.”

“घरी आणा मामाजी. आणि आता बटण दाबू नका. मी येईपर्यंत एकदाही नाही.”

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “त्याच्यात झडत्या आहेत वं.”

मला माहीत होतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून तोरणाखाली एका ओळीत उभे करतात. तोरण तुटून बैल घराकडे धावायच्या आधी गावातले लोक पुढे येऊन झडत्या म्हणतात. चार-सहा ओळींची, यमकाची, खड्या आवाजातली रचना. कधी बैलाचं कौतुक, कधी महादेवाची विनवणी, कधी कापसाच्या भावावर, सावकारावर, सरकारवर, नाहीतर समोर उभ्या असलेल्या व्याह्यावर नेम. शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि हर हर महादेवचा गजर. ती कोणी लिहून ठेवत नाही. म्हणणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि पुढच्या वर्षी म्हणणारा राहिला नाही की झडतीही राहत नाही.

मामाजींचं नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावून छापून द्यायचं, दुकान होतं. १९९९ साली टाकलं, २०१४ साली बंद केलं. दहा बाय आठची खोली, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, भिंतीला टांगलेल्या लग्नपत्रिकांचे नमुने. वास्तुपूजन, बारसं, तेरवीची कार्डं, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, शाळांचे पेपर, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारी मोठी पुतळी, मिरवत निघते तेव्हा बडग्यांच्या, म्हणजे टोमणे मारायला केलेल्या पुतळ्यांच्या, गळ्यात अडकवायच्या पाट्या. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि मामाजींचं म्हणणं असं की त्या दोन दिवसांत महालातल्या डीटीपीवाल्याला जेवायची फुरसत मिळाली तर त्याचं काहीतरी चुकतंय.

पत्रिका छापायला कुही, मौदा, उमरेड, काटोल, सावनेर अशा तालुक्यांतली माणसं येत. प्रूफ निघेपर्यंत तास-दीड तास बसून राहत. मामाजी चहा मागवत आणि विचारत, “तुमच्या गावी पोळ्यात झडत्या कोण म्हणते?” बरेचदा समोरचाच म्हणणारा निघे. मग मामाजी नवरा-नवरीच्या नावांवरून हात काढून दुसरी फाइल उघडत आणि ऐकता ऐकता टाइप करत. असं १५ वर्षं. किती झाल्या होत्या ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. छापायच्या होत्या, पण मनासारख्या लावून झाल्यावर. दुकान बंद झालं तेव्हा तेच कॉम्प्युटर घरी आलं, आतल्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी बसलं, आणि मामाजी रोज सकाळी अर्धा तास त्यांची जुळवाजुळव करत राहिले. दुसरी प्रत नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी सोळा वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना बॅकअपबद्दल सांगते. मामाजींकडे मात्र दर महिन्याला जात होते आणि एक पेनड्राइव्ह लावायला मला कधी वेळ झाला नव्हता. त्या दुपारी स्कूटरवर, तोंडाला दुपट्टा बांधून मानेवाड्याहून महालात जाताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

मामींनी दारातच पन्ह्याचा पेला हातात दिला आणि तो संपेपर्यंत आत जाऊ दिलं नाही.

कॅबिनेटची बाजूची पत्री काढली तर आत धुळीचा थर नुसता नव्हता, त्याचा नमदा झाला होता. कूलरची दमट हवा आणि महालातली धूळ एकत्र आली की असंच होतं. ब्रशनं, हळूहळू, पंख्याची पाती बोटानं धरून ती काढली. मग हार्ड डिस्कची वायर काढून ठेवली आणि बाकीचं मशीन चालू केलं. हे आधी करायचं असतं. कॉम्प्युटर चालू होत नाही या एका वाक्यात दहा वेगवेगळे आजार असतात, आणि त्यातले बरेचसे डेटाच्या अंगाला लागलेले नसतात. वीज पुरवणारा एसएमपीएस गेला असेल, रॅम बसत नसेल, मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले असतील, डिस्प्लेची वायर सैल असेल. यांतलं काहीही असलं तरी डिस्कमधलं अक्षर जागेवरच असतं. डिस्क बाजूला ठेवून उरलेलं मशीन तपासलं की निदान आपल्या चाचपडण्यानं तिला धक्का लागत नाही.

बीप वाजले, लांब लांब, पुन्हा पुन्हा. पडदा काळा. ही रॅमची तक्रार. पट्टी काढली, आणि मामाजींनी विचारायच्या आधीच टेबलाच्या खणातून खोडरबर काढून दिलं. सोनेरी दातांवरून ते एका दिशेनं फिरवलं. पाचव्या-सहाव्या घासात काळपट साय निघाली आणि खालचं सोनं उजळलं. पट्टी खाचेत दाबली, दोन्ही बाजूंच्या कड्या खट्कन बसल्या, आणि पडद्यावर अक्षरं आली. मामींनी हात जोडले.

तारीख मात्र १ जानेवारीची दाखवत होतं, किती तरी जुन्या सालातली. मदरबोर्डवर घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा एक गोल सेल असतो, रुपयाएवढा, ३ व्होल्टचा. तो संपला होता. त्यानं आतली सेटिंग विसरली होती. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून नवा आणला. आता मला वाटायला लागलं होतं की रॅम आणि सेल एवढंच दुखणं असावं, डिस्क ठीक असेल. तिची वायर जोडली आणि बटण दाबलं.

डिस्क फिरायला लागली. मग टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक.

मी स्विच बोर्डावरूनच बंद केलं.

त्या आवाजाबद्दल सांगते, कारण तो ऐकू येऊनही लोक पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतात. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या चकत्या असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं टोक फिरतं, ते चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस काही दहा हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्या टोकाला हवी ती जागा सापडली नाही की ते मागे आपल्या ठिकाणी येतं आणि पुन्हा शोधायला जातं. तो येण्याजाण्याचा आवाज म्हणजे टक. एखादी जागा वाचली जात नसेल तर तो कधीमधी येतो. टोकच खराब झालं असेल तर एकसारखा येतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ते चकतीवरचा मजकूर खरवडत असण्याची शक्यता असते.

विंडोज चालू होताना नुसतं वाचत नाही, लिहितंही. डिस्क दुरुस्त करणारा त्याचा स्वतःचा जो प्रोग्राम आपोआप सुरू होतो, तो यादी नीटनेटकी करण्याच्या मागे असतो. त्याला जे जुळत नाही ते तो कापून टाकतो. मरणाऱ्या डिस्कवर ही साफसफाई करणं म्हणजे आजाऱ्याला उठवून घर झाडायला लावणं. आणि फॉर्मेट? त्या पोराच्या हातून नुसतं झटपट फॉर्मेट झालं असतं तर फाइलींची यादी कोरी झाली असती, मजकूर बराचसा खाली तसाच राहिला असता. पण त्याच्यावर नवं विंडोज आलं असतं, कित्येक जीबींचं, आणि ते कुठे जाऊन बसलं असतं ते कोणी सांगावं. तो पोरगा वाईट नव्हता. त्याच्याकडे दिवसाला वीस मशीन येतात आणि बहुतेकांना फक्त चालू कॉम्प्युटर हवं असतं. त्यानं एकच प्रश्न विचारायला हवा होता, याच्यात काय आहे म्हणून.

शेजारचे एक काका पाहायला आले होते. ते म्हणाले, “फ्रीजमध्ये ठेवा रात्रभर, चालू होते.” हा उपाय मी लॅबमध्येही वर्षानुवर्षं ऐकते आहे. मी त्यांना टेबलावरची पाण्याची बाटली दाखवली. फ्रीजमधून काढून पाच मिनिटं झाली नव्हती आणि कूलरच्या हवेत तिला बाहेरून घाम फुटला होता. तोच घाम चकतीवर, जिथे धुळीचा कणही चालत नाही. काकांनी मान डोलावली. डिस्कचं झाकण उघडून पाहणं हेही तसंच. ते काम धूळविरहित खोलीत बसून करणाऱ्यांचं.

तिथे एक निर्णय घ्यायचा होता. टकटक एकसारखी असती तर मी डिस्क तशीच गुंडाळून अशा जाणत्या लोकांकडे पाठवली असती, खर्च कितीही आला तरी. पण मी कान देऊन ऐकलं होतं. फिरण्याचा आवाज एकसंध होता, टक ही थांबून थांबून येत होती, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन स्वतः दाखवतं त्या पडद्यावर, डिस्कचं नाव बरोबर उमटलं होतं. म्हणजे टोक शाबूत असावं, काही जागा नासल्या असाव्यात. मामाजींना दोन्ही बाजू सांगितल्या. ते बराच वेळ खिडकीकडे पाहत होते.

“तू करशीन ते.”

डिस्क मामींच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळली, डब्यात ठेवली, डबा मांडीशी धरून मामेभावाच्या गाडीनं संध्याकाळी घरी आणली. येताना बुल्डीतून १ टीबीची नवी डिस्क घेतली.

आता जे करायचं त्याचं एकच सूत्र: आजारी डिस्कला काही लिहायला लावायचं नाही, फक्त वाचायचं, आणि तेही शक्य तितकं एकदाच. त्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू करता येते, कॉम्प्युटरमध्ये काहीही न बसवता. उबंटू या लिनक्सची अशी पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये असतेच. आणि वाचायला डीडीरेस्क्यू. अँतोनिओ दियाझ दियाझ या माणसानं लिहिलेला हा प्रोग्राम मोफत आहे, त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसते आकडे फिरतात. पण त्याचा स्वभाव मला फार आवडतो. साधी कॉपी करताना एखादी जागा वाचली गेली नाही तर कॉपी तिथेच अडून बसते आणि डिस्कला तिथेच दामटत राहते. डीडीरेस्क्यू अडत नाही. जे सहज मिळतं ते आधी घेतो, जिथे ठेच लागली ती जागा सोडून पुढे उडी मारतो, आणि कुठे काय राहिलं ते एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतो. त्या फाइलीला नकाशा म्हणतात. सगळं सोपं उरकलं की मग नकाशा घेऊन मागे येतो आणि सोडलेल्या जागांच्या कडा घासत घासत आत शिरतो.

रात्री नऊला सुरू केलं. कूलरची मोटर बंद ठेवली, नुसता पंखा, कारण ओली हवा नको होती. डिस्कजवळ टेबलफॅन. पहिला पाऊण तास आकडे पाण्यासारखे पळत होते. १६० जीबीतले ९० जीबी आले. मग वेग एकदम पडला, टक ऐकू आली, आकडा थिजला. मी श्वास धरून बसले. दहा-बारा सेकंदांनी त्यानं ती जागा सोडली आणि पुढे निघाला. पहिला फेरा संपला तेव्हा साडेबारा झाले होते आणि १.४ जीबी बाकी होतं.

दीडच्या सुमाराला आंधी आली. खिडक्या आपटल्या, समोरच्या घरावरचा पत्रा वाजायला लागला आणि लाईन गेली. यूपीएस कुंईकुंई करायला लागला. तो दहा मिनिटं काढतो. मी कंट्रोल आणि सी दाबून काम थांबवलं, मशीन बंद केलं आणि अंधारात बसून राहिले. नकाशा लिहिला गेला होता, त्याची काळजी नव्हती. काळजी वेगळी होती. रात्रभर फिरून तापलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नसतं.

लाईन साडेतीनला आली. डिस्क फिरली. नकाशा उघडून डीडीरेस्क्यू जिथे थांबला होता नेमका तिथून पुढे चालू झाला, जणू मधे काही घडलंच नव्हतं. सकाळी नऊला ३८ एमबी बाकी. त्या संध्याकाळी त्याला उलट्या दिशेनं वाचायला लावलं, शेवटाकडून सुरुवातीकडे. नासलेल्या जागेच्या पलीकडच्या काठानं आलं की कधीकधी आणखी थोडं हाती लागतं. लागलं. ११ एमबी राहिलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक फेरा केला, आकडा तसूभर हलला नाही आणि टक वाढली होती. तेव्हा मी डिस्कची वायर काढली. लुगड्यात परत गुंडाळून कपाटात ठेवली.

११ एमबी आज कोणाला काहीच वाटणार नाही, मोबाइलवरचे दोन-तीन फोटो. पण डिस्क ५१२ बाइटच्या कप्प्यांत लिहिते, आणि मामाजींच्या जुन्या फॉन्टमध्ये एका चिन्हाला एक बाइट लागतो. म्हणजे ढोबळमानानं एका कप्प्यात एक झडती मावते. आणि ११ एमबी म्हणजे असे बावीस हजारांवर कप्पे.

आलेली सगळी डिस्क आता नव्या डिस्कवर एका मोठ्या फाइलीच्या रूपात होती. तिची आणखी एक प्रत काढली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. विंडोजच्या यादीचा काही भाग नासलेल्या जागेत गेला होता, त्यामुळे ती सरळ उघडेना. तिथे टेस्टडिस्क कामी आला. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला, हाही मोफत. तो तुटक्या यादीतून फोल्डर शोधून काढतो. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली: पत्रिका, तेरवी, मंडळ, पेपर, मारबत. आणि खाली झडत्या. आत ६३ फाइली.

पहिली उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा, उलट्या स्वल्पविरामांचा कचरा. माझ्यापेक्षा कमी वय असलेल्या कोणी तो पाहिला असता तर फाइल नासली म्हणून सोडून दिली असती. पण तो कचरा नव्हता. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड १९९१ सालीच आलं आणि देवनागरी त्यात होती. विंडोज २००० मध्ये तिची सोयही आली. पण छपाईचा धंदा पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामवर चालत होता आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. म्हणून त्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेले फॉन्ट वापरत. मामाजी अशाच श्री-लिपीवर बसले की त्यांची बोटं दिसत नसत. फाइलीत साठलेलं असे ते इंग्रजी अक्षराचं ठिकाण, आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देई. फॉन्ट नाही तर मराठीही नाही.

तो फॉन्टही त्याच डिस्कवर होता, विंडोजच्या फॉन्ट नावाच्या फोल्डरमध्ये, सुखरूप. तिथून उचलला, बसवला, फाइल पुन्हा उघडली.

अक्षरं आली. मी फोनवर मामाजींना पहिली झडती वाचून दाखवली. पहिल्या ओळीनंतर ते माझ्याबरोबर म्हणायला लागले.

मग जूनभर मी त्यांचं युनिकोड करत होते, कारण पुढच्या दहा वर्षांनी तो फॉन्ट कोण बसवणार? बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण ते जागोजागी अडखळतात, आणि कुठे अडखळतात ते पाहण्यासारखं आहे. जुना फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमानं साठवतो. ‘शिव’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, मग श. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं साठवतं, आधी श, मग वेलांटी. रफाराचं आणखी अवघड. ‘पार्वती’मधला र कानाला वच्या आधी ऐकू येतो, पण जुन्या फॉन्टमध्ये तो वच्या नंतर डोक्यावर चढवलेला असतो. बदलताना तो कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. प्रत्येक झडतीच्या शेवटी पार्वती असते, त्यामुळे मला प्रत्येक झडतीच्या शेवटी जाऊन तो रफार पाहावा लागला. ४१२ वेळा. मामाजींनी कधी मोजल्या नव्हत्या त्या अशा मोजल्या गेल्या.

प्रत्येक झडतीखाली एक ओळ होती: कोणाकडून ऐकली, गाव, तारीख, कशासाठी आले होते. ‘नातीच्या लग्नाची पत्रिका.’ ‘भावाची तेरवी, रडत होते, तरी म्हटली.’ आणि कुठे कुठे झडती मधेच तुटलेली, पुढे टिंबं, आणि खाली चार शब्द: ‘पुढचं आठवत नाही म्हणाले.’ तिकडे जोडाजोड नाही. यमक उघड दिसत असतानाही नाही. मामाजींना ती ओळ पुरी करणं काय कठीण होतं? हजारो लग्नपत्रिकांच्या चारोळ्या त्यांनी स्वतः रचल्या आहेत.

आता कोणत्या फाइली फाटल्या आहेत ते शोधायचं होतं. डीडीरेस्क्यूमध्ये त्याचीही सोय आहे. नकाशा घेऊन, जे कप्पे वाचले गेले नाहीत त्यांत तो आपण दिलेला एखादा खूणशब्द भरतो. मग तो शब्द सगळ्या फाइलींत शोधायचा. जिथे सापडेल तिथे भोक. बहुतेक भोकं विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत आणि रिकाम्या जागेत निघाली. पेपरांच्या फोल्डरमधल्या नऊ फाइली गेल्या. झडत्यांच्या तीन. त्यांतल्या दोन झडत्या मामाजींना तोंडपाठ होत्या. तिसरीच्या मध्यावर माझा खूणशब्द ओळीनं बसला होता.

जुलैच्या एका रविवारी ती छापून त्यांच्याकडे नेली. बाहेर पावसाची झड होती. वर ‘कापूस गेला गाडीत, पैका गेला’ एवढं, मग काही नाही, मग शेवटचं नमन. त्यांनी चष्मा लावून कागद डोळ्याजवळ धरला.

“कुहीचे होते. पांढरा दुपट्टा. नातीची पत्रिका. आवाज असा होता का रस्त्यावरचे लोक थांबले.” मग डोळे मिटून ओठ हलवले. “सावकाराच्या वाडीत. पैका गेला सावकाराच्या वाडीत.” थांबले. “अजून चार ओळी आहेत वं. येऊन नाही राह्यल्या.”

मी म्हटलं, “वाडीत, गाडीत, माडीत. जुळवू का आपण? अर्थ तर कळतोच आहे.”

मामाजींनी कागद खाली ठेवला. ते माझ्यावर कधी रागावत नाहीत, तेव्हाही रागावले नाहीत.

“माह्या मनचं त्याच्या तोंडी कायले घालू? जेवढं आलं तेवढं लिही. बाकी जागा सोड.”

मी लिहिलं, ‘सावकाराच्या वाडीत’पर्यंत. मग चार ओळींची टिंबं. खाली काय लिहायचं ते विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, “लिही, मशीनमधून वाचता आलं नाही. तारीख टाक. आणि मले आठवलं नाही तेही टाक.”

आता या ४१२ झडत्यांच्या प्रती माझ्या घरी आहेत, कॉलेजातल्या माझ्या खणात आहेत, ऑनलाइन आहेत, आणि एक पेनड्राइव्ह मामींच्या गोदरेजच्या कपाटात पैठणीखाली आहे. मामाजींचा भरवसा मात्र कागदावर. त्यांनी सगळ्या छापून घेऊन दोऱ्यानं शिवल्या आहेत.

त्या कुहीच्या पानावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, “पत्रिकाचं फोल्डर आलं का?” आलं होतं, जवळजवळ सगळं. मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या विंडोज एक्सपीच्या जुन्या लॅपटॉपवर पेजमेकर चालू केलं, तो फॉन्ट त्याच्यावर टाकला आणि झडतीखालच्या तारखेच्या मागेपुढे असलेल्या पत्रिका एकेक उघडल्या. सातवी कुही तालुक्यातली होती. वर गणपती, खाली निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव, मग काका-मामांची लांबलचक रांग, विवाहस्थळ, आणि कोपऱ्यात गावाचं नाव.

तिथे कोण असेल, काही आठवत असेल का, हे मला सांगता येत नाही. पोळ्याला अजून तीन आठवडे आहेत. मामाजींनी एसटीची वेळ विचारून ठेवली आहे आणि त्या शिवलेल्या वहीत, टिंबांच्या पानावर, पेन अडकवून ठेवलं आहे.